बैल पाहायला गेलेली रिंकी

बोरटोला, ता. अर्जुनी मोरगाव
९ जानेवारी २०१४

चि. योगराज यास तुळसाबाईचे अ. उ. आ., वि. वि.

इकडे सर्व खुशाल. तुझी खुशाली तू कळवत नाही, ती मले लोकांच्या मोबाईलवरून कळते. परवा हर्षाने शाळेत शिकवून घरी आल्यावर सांगितलं का मामाजीने फेसबुकवर नवा फोटो टाकला. तिच्यासोबत शिकवणाऱ्या बाईच्या फोनवर मीही पाह्यला. नवा कुठचा? तुझ्या लग्नाच्या पुढच्या वर्षीचा आहे तो. डोक्यावर केसांचं रान. तुझ्या नंदाबाईले विचारून पाहा, तिले तरी ओळखू येते का हा माणूस.

फोन करू नको. घरात एकच मोबाईल, तो तुझ्या भाऊजींच्या खिशात, आणि रेंज पाहिजे तर इटियाडोहाच्या कालव्याच्या पाळीवर चढा लागते. तिथं उभं राहून बोललं का अर्ध्या गावाले बातमी फुकट. कागद बरा. कागद ओरडत नाही.

हर्षासाठी स्थळ आलं आहे. आमगावकडे कालीटोला आहे, तिथले ईश्वरदास कटरे. पोरगा लोकेंद्र. बायोडाट्यात इंजिनिअर, पुणे, असं छापलं आहे. फेसबुकवर त्याचे लगित फोटो आहेत, रोज एक नवा. सगळ्यांत काळा चष्मा आणि मागं गाडी. एकात पांढरी, एकात लाल, एकात इतकी मोठी का आपलं आंगण तिच्यात मावल. भाऊजी तर हरखूनच गेले. मले एक समजत नाही, एका पोट्ट्याले इतक्या गाड्या कायले लागतात?

माझ्या वेळेस बाबूजींनी काय केलं ते आठव. स्थळ पाहायले जातो म्हटलं का लोक घर सारवून ठेवतात, म्हणून ते बैलाचं गिऱ्हाईक बनून बोरटोल्याले आले. गोठा पाहिला, घर पाहिलं, पोरगा पाहिला, आणि उठताना भिडेखातर तो बैल विकतच घ्यावा लागला. तो बैल चिखलणीत मधातच बसून जाये. पोरगा, म्हणजे तुझे भाऊजी, बसत नाही, निजतो. पण निभलं.

आता बैल कोणी ठेवत नाही. तू शहरात राहतो, दिवसभर त्या फेसबुकात बसून राहतो, तर जरा बैल पाहून ये. हर्षा काही बोलत नाही, पण बायोडाट्याचा कागद तिच्या उशीखाली सापडला मले. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे.

माया आहे तशीच आहे, तुझ्या फोटोसारखी जुनी नाही.
तुळसा


कुडवा, गोंदिया
१९ जानेवारी २०१४

ती. सौ. बाईस योगराजचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. फोटोबद्दलचा आरोप मला मान्य नाही. तो फोटो खोटा नाही, जुना आहे. इतिहासाला कोणी खोटं म्हणत नाही.

फेसबुक म्हणजे काय ते तुला सांगतो. वरातीत जसा प्रत्येक जण इस्त्रीचे कपडे घालून येतो तसंच, फक्त ही वरात संपत नाही आणि नवरदेव प्रत्येक जण असतो. आमच्या शाळेतले चुन्नीलाल सर तासाला टेबलावर डोकं ठेवून घोरतात, ते तिथे रोज सकाळी तरुणांना जागे व्हा म्हणून सांगतात. शेजारच्या केवळरामने मायबापाच्या पायाशी बसलेला फोटो टाकला. मायबापाला त्यासाठी गावाहून आणलं होतं, फोटो झाल्यावर दुपारच्या एसटीत बसवून दिलं. मी माझ्या नावाखाली ‘सत्याचा पाईक’ असं लिहिलं आहे. त्यावर तुझी भावजय म्हणाली की दारावर कोणी आलं की घरी नाही म्हणून सांगायला लावता, ते आधी बंद करा. घरात वाचक असला की लेखकाची अशी गत होते.

आता तुझा लोकेंद्र. पोरगा दिसायला ठीक. चष्मा काढलेला एकही फोटो नाही, म्हणजे डोळे आहेत असं धरून चालू. गाड्या खरंच रोज वेगळ्या. गाडीत बसलेला मात्र एकदाही दिसत नाही, नेहमी टेकलेला. हे मला खटकलं.

मग मी बाबूजींचंच हत्यार काढलं. बैलाचं गिऱ्हाईक तयार केलं. तिचं नाव रिंकी पटले, गाव गोंदिया, बी. ए. दुसरं वर्ष, आवड पाणीपुरी आणि भजन. फोटोच्या जागी गुलाबाचं फूल ठेवलं. आपल्याकडच्या अर्ध्या पोरींचं तोंड फेसबुकवर गुलाबाचंच असते, त्यामुळे कोणाला संशय नाही. रिंकीने लोकेंद्रला मैत्रीसाठी विचारलं आणि त्याने दुसऱ्याच दिवशी हो म्हटलं. बैल गोठ्याबाहेर आला आहे, आता चाल पाहतो.

भाऊजींना यातलं काही सांगू नकोस. मोठ्यांना नमस्कार, हर्षाला आशीर्वाद.

तुझ्या रागाचा मान राखून, तुझा
योगराज


बोरटोला
२ फेब्रुवारी २०१४

चि. योगराज यास आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हासली, मग भेव वाटलं. पन्नाशीले टेकला आणि पोरगी बनून पोट्ट्यांशी बोलून राहिला. मिशा तरी काढल्या का? बाबूजी बैलाचं गिऱ्हाईक बनले होते, बाई नव्हते बनले.

पण आता सुरूच केलं आहे तर नीट विचार. मामाचं कूळ कोणतं, शेती किती, पाणी कालव्याचं का तलावाचं, पिते का, आणि सासू कशी आहे. सासूचं तो खरं सांगणार नाही, तरी विचार.

उन्हाळी धानाची रोवणी सुरू आहे, हात चिखलात असतात, म्हणून जास्त लिहीत नाही. जे समजल ते मलेच लिही, दुसऱ्या कोणाले नाही. पोरीचं नाव त्यात आहे.

तुझी, डोक्याले ताप झालेली
तुळसा


कुडवा, गोंदिया
२० फेब्रुवारी २०१४

ती. सौ. बाईस शि. सा. न. वि. वि.

बाई, मोहीम फत्ते.

रिंकीने तुझे सगळे प्रश्न ओळीने विचारले. पोरगा साधा. मामाचे कूळ टेंभरे, शेती थोडी, पाणी तलावाचं, तेही वरच्या बांध्यांतल्या धानाला पोचत नाही. पीत नाही. आई कशी आहे विचारल्यावर त्याने लिहिलं की ती फार बोलत नाही, माझी वाट पाहते. मी म्हटलं, हा तर कवी निघाला.

मग रिंकीने गाड्यांचं विचारलं. तिसऱ्या दिवशी लांबच लांब मजकूर आला. इंजिनिअर वगैरे काही नाही. पॉलिटेक्निक मधातच सुटलं. पुण्यात एका मोठ्या हॉटेलच्या दारात तो उभा असतो. पाहुणे उतरतात, किल्ली याच्या हातात देतात, हा गाडी तळघरात नेऊन लावतो. खाली नेण्याआधी सोबतचा पोरगा फोटो काढून देतो. गावात बापाने इंजिनिअर सांगून ठेवलं, आता बापाची मान खाली जाईल म्हणून हाही तसेच फोटो टाकत गेला. कोणाला तरी खरं सांगावं असं रोज वाटते, असंही त्याने लिहिलं. रिंकीजी, तुम्ही विचारलं म्हणून बरं वाटलं, असं शेवटी होतं.

क्षणभर मलाही कसंसंच झालं. पण मी रिंकी असल्यामुळे मला पुढचं विचारणं भाग होतं. दुसऱ्याची गाडी लावताना लाज नाही वाटत का, असं विचारलं. त्याचं उत्तर अजून आलं नाही.

तर बाई, हे स्थळ सोडून दे. भाऊजींना पत्रिका जुळत नाही म्हणून सांग.

एक गंमत. हा मसाला इतका सुंदर होता की मला राहवलं नाही. मी माझ्या भिंतीवर एक छोटंसं विनोदी टिपण टाकलं, ‘किल्लीवाले जावईबापू’. नाव नाही, गाव नाही, फक्त आमगावकडचे एक स्थळ एवढंच. त्यातलं एक वाक्य लोकांना फार आवडलं: जावयाकडे रोज नवी गाडी असते, फक्त संध्याकाळी किल्ली परत करावी लागते. आजवर माझ्या कोणत्याच लेखाला इतके लोक आले नव्हते. चुन्नीलाल सरांनी तर जागे राहून वाचलं. आपल्या समाजाच्या सगळ्या ग्रुपमध्ये फिरून राहिलं आहे म्हणतात.

तुझ्या कौतुकाची वाट पाहणारा
योगराज


बोरटोला
३ मार्च २०१४

योगराज,

आशीर्वाद लिहायले हात धजत नाही, म्हणून लिहीत नाही.

परवा अर्जुनीले एका लग्नाच्या पंगतीत होतो आम्ही. ईश्वरदास कटरेही होते, समोरच्याच ओळीत. एक जण मोबाईल घेऊन उभा राहिला आणि तुझं ते किल्लीवालं मोठ्यानं वाचू लागला. सारी पंगत हासून राहिली. आमगावकडचं स्थळ, पुणे, रोज नवी गाडी. नाव कायले पाहिजे? आपल्यात छत्तीस कुळं, एकमेकाच्या घरातली भांडी मोजून ठेवलेली. कोणीतरी ईश्वरदासकडे बोट केलं. त्या माणसानं हातातला घास पत्रावळीवर ठेवला, हात धुतला नाही, तसाच उठून गेला. पायातली चप्पल उलटी घातली त्यानं. मी पाह्यली.

तुझे भाऊजी खाली मान घालून बसले. कोणी लिहिलं ते सगळ्यांले माहीत होतं, तुझा केसवाला फोटो वर होताच.

मी तुले लिहिलं होतं का मलेच सांग. काऊन नाही ऐकलं? पोट्ट्यानं खोटं लिहिलं, मान्य. आम्ही नाही लिहिलं का? हर्षाच्या बायोडाट्यात रंग गोरा लिहिला मी. अर्जुनीच्या फोटोवाल्याले सांगून तिचं तोंड चुन्यासारखं करून घेतलं. तेही लिही ना, त्यालेही लोक येतील.

आणि एक ऐक. बाबूजींच्या त्या बैलाची गोष्ट तुले अर्धीच माहीत आहे. माझ्या सासऱ्यांनी मरायच्या आधी मले सांगितली. हे गिऱ्हाईक पोरीचा बाप आहे, हे त्यांनी पहिल्याच घडीले ओळखलं होतं. बैल घेणारा माणूस आधी बैलाचं तोंड उघडून दात पाहते. बाबूजी दातांकडे पाहतच नव्हते, घराकडे पाहून राहिले होते. तरी सासरे चूप राहिले. बाबूजीही जे पाहिलं ते पोटात ठेवून गेले. आमच्या घराले तेव्हा मागची भिंत नव्हती. ते त्यांनी मायलेसुद्धा सांगितलं नाही. तेवढी एक अदब होती त्या लबाडीत.

फेसबुकवर माफी मागू नको. तू माफीही फोटो काढून मागशील.

तुळसा


अर्जुनी मोरगाव
५ मार्च २०१४

ती. मामाजींस हर्षाचा नमस्कार.

हे पत्र मी शाळेत बसून लिहीत आहे, आईला माहीत नाही.

तुमचं लिहिलेलं मी नेहमी सगळ्यांच्या आधी वाचते. किल्लीवालेसुद्धा वाचलं. मधल्या सुट्टीत बाकीच्या बायांना वाचून दाखवलं आणि मोठ्याने हसले. आवडल्याचं बटण दाबलं. तिसऱ्या परिच्छेदात मला समजलं की हा कोण आहे. तोवर सगळ्या हसून राहिल्या होत्या, मग मला थांबता पण आलं नाही. मी शेवटपर्यंत वाचलं.

मामाजी, मला माहीत होतं. लोकेंद्रने आमच्या शाळेच्या फोनवर मला स्वतः फोन करून सांगितलं होतं, रिंकीला (ती तुम्हीच हे आता आईकडून कळलं) सांगितलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. म्हणाला, एकदा कोणाला तरी सांगून पाहिलं, जमलं, म्हणून आता तुम्हाला सांगतो. त्याने गाड्यांचं सांगितलं, मी रंगाचं सांगितलं. फोटोतली मी मी नाही, असं म्हटलं. तो म्हणाला, मग आपण दोघं अजून एकमेकांना पाहिलंच नाही.

मी हो म्हणणार होते. एकच अट घातली होती, साक्षगंधाच्या दिवशी चार लोकांत त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं. त्याच्या बाबूजींना तो आधी घरी सांगणार होता, होळीला सुट्टी काढून येणार होता. तुम्ही त्याच्या आधी सांगून टाकलं. ते सांगायला त्याने किती दिवस हिंमत गोळा केली होती, आणि तुम्ही त्याचं टिपण केलं.

आता तो फोन उचलत नाही. फेसबुकवरचं खातंही दिसत नाही. त्याचे बाबूजी घराबाहेर पडत नाहीत असं ऐकलं.

तुमच्यासारखं लिहिता येत नाही मला. तुम्ही माझे आवडते लेखक होते, एवढंच कळवायचं होतं.

हर्षा


कुडवा, गोंदिया
१९ मार्च २०१४

ती. सौ. बाईस शि. सा. न.

विनंती करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून ‘वि. वि.’ गाळलं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी टिपण काढून टाकलं. पण माझ्या भिंतीवरून काढलं म्हणून लोकांच्या खिशातून निघत नाही. परवा भाजीवालीसमोर एकाने मलाच वाचून दाखवलं, कोणी लिहिलं माहीत नाही पण मस्त आहे म्हणाला. मी हसलो, बाई. सवयीने हसलो.

होळीच्या दुसऱ्या दिवशी कालीटोल्याला जाऊन आलो. नंदा सोबत येते म्हणाली, पण मी नको म्हटलं. मोबाईल घरी ठेवला. आमगावहून पुढे बस नव्हती, पायी गेलो. रस्त्यात तीनदा परत फिरावं वाटलं. काय बोलायचं ते घोकत होतो, आणि घोकता घोकता त्यात एक चांगलं वाक्य आलं म्हणून मनातल्या मनात खूश झालो. मग स्वतःचीच किळस आली.

ईश्वरदास आंगणात खाटेवर बसले होते. मी नाव सांगितलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, बहुतेक फोटोतले केस शोधत असतील. मग बाबूजींची गोष्ट ऐकून असल्यासारखं विचारलं, कोणता बैल पाहायला आले, मास्तर? आमच्याकडे तर आता एकही नाही.

मी घोकलेलं सगळं विसरलो. पाय धरायला वाकलो तर त्यांनी पाय खाटेवर घेतले. बसा म्हणाले. आतून चहा आला. चहा देणारी बाई लोकेंद्रची माय. ती खरंच काही बोलत नाही.

मग ते म्हणाले की तुम्ही काय लिहिलं ते मी अजून पूर्ण ऐकलं नाही. पंगतीत अर्धंच ऐकलं आणि उठलो. मला मोबाईलवर वाचता येत नाही, आणि घरच्या कोणाला वाचून दाखव म्हणायची हिंमत होत नाही. तुम्ही आलेच आहात, तर तुम्हीच वाचून दाखवा.

मी म्हटलं, ते मी काढून टाकलं. ते म्हणाले, शेजारच्या छोटेलालकडे आहे. छोटेलालने मोबाईल आणून दिला आणि तोही तिथेच उभा राहिला.

बाई, मी वाचलं. पहिल्या शब्दापासून. म्हातारा-म्हातारी दोघंही समोर. जिथे लोक हसतात त्या प्रत्येक जागी मी वर पाहायचो आणि ईश्वरदास म्हणायचे, होऊ द्या. किल्ली परत करण्याच्या वाक्याशी मी थांबलो. वर्गात पोरं धडा चुकली की मी पुन्हा वाचायला लावतो. त्यांनी मला ते वाक्य दोनदा वाचायला लावलं. मग हळूच म्हणाले की चांगलं जमलं आहे. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच तसं वाटलं, आणि ते जास्त लागलं.

मग ते आपलंच बोलत बसले. पोरगा नापास झाला तेव्हा गावात कोणी विचारलं आणि त्यांच्या तोंडून इंजिनिअर निघून गेलं. एकदा निघालं ते परत घेता आलं नाही. पोराने खोटे फोटो टाकले ते माझं तोंड राखायला, असं म्हणताना त्यांनी बायकोकडे पाहिलं. मीही एका जुन्या फोटोमागे तोंड लपवून बसलेला माणूस आहे, हे मला तिथे सांगावंसं वाटलं. पण ते सांगणंही मग माझ्याबद्दलच झालं असतं, म्हणून चूप बसलो.

निघताना लग्नाचं विचारायची माझी लायकी नव्हती. विचारलं नाही.

हर्षाला पत्र लिहायला चार वेळा बसलो. तू तिला एवढंच सांग की मामा कालीटोल्याला जाऊन वाचून आला.

ज्या भावाला तू ओळखत होतीस तो सापडला तर कळवीन.
योगराज


पुणे
४ एप्रिल २०१४

कु. रिंकी पटले,
द्वारा श्री. योगराज रहांगडाले सर, कुडवा, गोंदिया.

रिंकीजी, स. न. वि. वि.

पत्ता हर्षाजींनी दिला. पत्र हरवू नये म्हणून रजिस्टर केलं आहे.

तुम्ही मुलगी नाही हे मला तुमच्या प्रश्नांवरूनच समजलं होतं. फेसबुकवर कोणती मुलगी विचारते की मामाचं कूळ कोणतं आणि बांधीला पाणी कालव्याचं की तलावाचं? मुलीकडचे कोणी मोठे असतील असं वाटलं. तरी सगळं खरं सांगितलं. वाटलं, त्यांच्यापैकी एकाला तरी आधी माहीत असावं. समोर तोंड नव्हतं, फूल होतं, त्यामुळे बोलता आलं. ऐकणारा ऐकून घेईल एवढंच मनात होतं. त्याने ते गावभर वाजवलं.

इथे हॉटेलातल्या पोरांनाही समजलं. दोन दिवस किल्ली हातात देताना हसायचे. मग विसरले. दर दहा मिनिटांनी नवीन गाडी येते, कोणाला इतका वेळ आहे?

बाबूजींचा फोन आला होता. सरांनी घरी येऊन सगळं वाचलं ते सांगितलं. पुढे म्हणाले की सुट्टी मिळाली तर ये. नापास झालो तेव्हापासून त्यांनी मला ये म्हटलं नव्हतं. मीच जायचो.

हर्षाजींशी बोललो. त्यांची अट त्यांनी सोडली नाही. अक्षयतृतीयेला बोरटोल्याला साक्षगंध आहे. लोकांना सगळं माहीत आहे, तरी मी उभा राहून सांगणार आहे. त्यांनी ऐकलं ते तुम्ही लिहिलेलं. मी सांगेन ते माझं राहील. बिनचष्म्याचा येणार आहे.

रिंकीजींनी त्या दिवशी यावं अशी विनंती आहे. त्यांना मी सगळ्यांत आधी सांगितलं होतं. सर आले तरी चालतील.

तुमचा शेवटचा प्रश्न बाकी राहिला होता, दुसऱ्याची गाडी लावताना लाज वाटत नाही का. गाडी लावताना कधीच वाटली नाही. मी आजवर एकाही गाडीला ओरखडा येऊ दिला नाही. फोटो काढताना वाटायची. म्हणून तर चष्मा लावायचो.

तुम्हाला कधी वाटायची?

आपला,
लोकेंद्र कटरे


कुडवा, गोंदिया
१२ एप्रिल २०१४

चि. लोकेंद्रजी यांस स. न. वि. वि.

तुमचं पत्र काल दुपारी आलं. कसं आलं ते सांगतो, त्यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आमच्या गल्लीचे पोस्टमन यादोराव कानाने जरा कमी, म्हणून मोठ्याने बोलतात. माझ्या दारात सायकल लावून त्यांनी रिंकी पटलेच्या नावाने हाक मारली. शेजारचा केवळराम बाहेर आला आणि म्हणाला, असं इथे कोणी राहत नाही. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू बाईने वाकून पाहिलं. यादोरावांनी पुन्हा नाव पुकारलं, आणखी मोठ्याने. माझी बायको नंदा ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिला सगळं माहीत होतं, पण तिने मान वर केली नाही. तिने ते माझ्यावर सोडलं.

यादोराव पाकीट परत पिशवीत टाकू लागले. टाकू दिलं असतं तर ते तुमच्याकडे परत आलं असतं, त्यावर पत्ता चुकल्याचा शिक्का बसला असता, आणि मी सत्याचा पाईक म्हणून घरात जाऊन बसलो असतो. दारावर कोणी आलं की घरी नाही म्हणून सांगायची सवय मला जुनीच आहे.

मी पायरी उतरून म्हटलं, आणा इकडे, ते माझं आहे.

यादोरावांना ऐकू आलं नाही. मला ते दोनदा, मोठ्याने सांगावं लागलं. मग त्यांनी रजिस्टरचा कागद पुढे केला. मी माझ्या नावाची सही करू लागलो तर त्यांनी पेन धरला, म्हणाले, ज्याचं पत्र त्याची सही, सरकारी काम आहे. ऊन डोक्यावर होतं, डोक्यावर दुसरं काही नव्हतं, आणि सारी गल्ली पाहून राहिली होती. मी तिथे उभ्याने रिंकी पटले असं लिहिलं.

तेव्हा वाटली.

अक्षयतृतीयेला येतो. बसायला जागा शेवटच्या ओळीत असली तरी चालेल, ओळखलं नाही तर रागावणार नाही.

आपला,
योगराज रहांगडाले